चार भाषांची साइट: आलेल्या माणसाला त्याच्या भाषेच्या पानावर न्यायचं कसं?

केळीचा_घड

राम राम मंडळी. रावेर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं संगणकाचं काम मी बघतो. आमची साइट चार भाषांत आहे. सभासदांसाठी मराठी, उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांसाठी हिंदी, आखातात माल पाठवणाऱ्यांसाठी इंग्रजी आणि सुरतेच्या गिऱ्हाइकांसाठी गुजराती. मजकूर बरा जमलाय. भानगड अशी की ज्याला जी भाषा पाहिजे ती सोडून दुसरीच दिसते.

ज्यांच्याकडून साइट करून घेतली त्यांनी असं लावून दिलंय: पान उघडलं की आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) गाव शोधायचं, ब्राउझरची भाषा बघायची आणि माणसाला थेट त्या भाषेच्या मुख्य पानावर पाठवून द्यायचं.

आता गंमत बघा. सकाळी आम्ही नवती, पिलबाग, कांदेबाग या केळीच्या प्रकारांचे भाव टाकतो आणि मराठी भावाच्या पानाची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडतो. सावद्याचे एक आबा ती दाबतात, तर समोर इंग्रजी मुख्य पान, त्यावर हसरा शेतकरी आणि केळीचा घड. भाव कुठेच नाही. आबांचा फोन दुकानदाराने दिला तसाच इंग्रजीत आहे, त्यांचा गुन्हा एवढाच. बऱ्हाणपूरच्या एका व्यापाऱ्याकडे महाराष्ट्रातलं सिम आहे, त्याला मराठी दिसतं. सुरतेला कामाला असलेल्या आमच्याच गावच्या पोराला गुजराती दिसतं, आणि त्याला गुजराती बोलता येतं, वाचता येत नाही.

साइटवाल्यांना विचारलं तर म्हणे, 'सगळीकडे असंच असतं.' खरंच असंच असतं का? भाषा आपोआप निवडावी की विचारावी? आणि विचारायचं तर कधी, कुठे?

शेवभाजी_फॉरएव्हर

सोपं आहे भो. आल्या आल्या पडदाभर चार मोठी बटणं. ज्याला जी पाहिजे ती दाबेल. मिटला विषय.

भुसावळ_जंक्शन

शेवभाजी, मिटला कुठे, आत्ता सुरू झाला. आबांना भाव बघायचाय, चिखलात उभं राहून, उन्हात, एका हाताने. त्यांच्यापुढे आधी चार बटणं कशाला? ग्रुपवरची लिंक मराठी पानाची होती. भाषा त्या लिंकमध्येच सांगून झाली होती. साइटने ती ऐकली नाही, एवढाच दोष.

घड, जरा सविस्तर लिहितो. आलेल्या माणसाची भाषा ओळखायला साइटकडे मुळात तीन खुणा असतात.

पहिली खूण ब्राउझरची. प्रत्येक मागणीसोबत तो 'ॲक्सेप्ट-लँग्वेज' नावाची एक ओळ पाठवतो. तिच्यात भाषांचे संकेत असतात आणि प्रत्येकापुढे शून्य ते एकमधलं वजन. उदाहरणार्थ एमआर-आयएन, मग एमआर ०.९, मग ईएन ०.८. म्हणजे आधी मराठी द्या, नसेल तर इंग्रजी चालेल. १९९७ साली आलेल्या एचटीटीपी १.१ मध्ये, म्हणजे ब्राउझर आणि साइट एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात त्यांत, ही सोय नीट मांडलेली आहे. कल्पना झकास होती. पण ही ओळ फोनची सेटिंग सांगते, माणसाची आवड नव्हे. आपल्याकडे फोन इंग्रजीत आणि वाचणं मराठीत अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. जर्मनीत जर्मन फोनवाला बहुतेक जर्मनच वाचतो. तिथला हिशेब यावल-रावेरला लागू होत नाही.

दुसरी खूण आयपी पत्त्याची, आणि ही सगळ्यात कच्ची. मोबाइलवरचा पत्ता बऱ्याचदा लांबच्या मोठ्या शहराच्या नावावर दिसतो. समजा तो अगदी रावेरचाच दिसला, तरी त्यावरून काय कळणार? पालचा पावरा आदिवासी, फैजपूरचा लेवा पाटील, बऱ्हाणपूरहून आलेला व्यापारी आणि केळी भरायला थांबलेला पंजाबचा ट्रकवाला एकाच टॉवरखाली असतात. गाव म्हणजे भाषा नव्हे. आयपीवरून फार तर रुपये दाखवायचे की दिरहम, ते ठरवा.

तिसरी खूण पानाच्या पत्त्याची. पत्त्यातच एमआर लिहिलेलं असेल आणि माणूस तो पत्ता घेऊन आला असेल, तर त्याने किंवा त्याला लिंक पाठवणाऱ्याने निवड केलेली आहे. तिथे साइटने शहाणपण करू नये. जे मागितलं ते पान द्यायचं. फोन इंग्रजीत असो, आयपी टिंबक्टूचा असो.

अंदाज लावायची मुभा फक्त एका ठिकाणी: कोणी नुसतं साइटचं नाव टाकून आला, भाषा कुठेच सांगितली नाही, तिथे.

संशयात्मा

जंक्शन, तत्त्व म्हणून ठीक. पण मी दुकानांच्या साइटी केल्या आहेत, अनुभव उलटा आहे. भाषा बदलायचं बटण कोणी दाबत नाही. लोकांना ते दिसतच नाही. आपोआप पाठवलं नाही तर हिंदीवाला मराठी पान बघून सरळ परत जातो, तुमचं सभ्य बटण कोपऱ्यात तसंच बसून राहतं. अंदाज चुकतो, मान्य. पण अंदाजच लावला नाही तर सगळ्यांसाठी चुकतो.

आणि दुसरं, 'आपल्याकडे फोन इंग्रजीत' हे सरसकट नका म्हणू. ज्याने मुद्दाम सेटिंगमध्ये जाऊन फोन मराठी केलाय, त्याचा ब्राउझर ओरडून सांगतोय की मला मराठी द्या. त्याचंही ऐकायचं नाही का?

भुसावळ_जंक्शन

दुसरा मुद्दा एकदम पटला, आणि माझ्या लिहिण्यात तो यायला हवा होता. ती ओळ एका बाजूनेच विश्वासाची आहे. एमआर, एचआय किंवा जीयू आलं तर ते बहुतेक मुद्दाम केलेलं असतं, तेव्हा खुशाल ऐका. ईएन आलं तर त्याचा अर्थ 'माहीत नाही' असा घ्यायचा. इंग्रजी हवं असा घ्यायचा नाही.

मुख्य पानावर एमआर आलं तर मराठी, एचआय तर हिंदी, जीयू तर गुजराती. नुसतं ईएन आलं तर तुमच्या साइटवर सगळ्यात जास्त कोण येतं ते बघा. घडच्या साइटवर सभासद येत असतील तर मराठीच द्या, वर ठळक भाषापट्टी ठेवा. आखातातला आयातदार एकदा 'इंग्लिश' दाबेल, त्याला त्रास नाही. आबांना मात्र आहे.

बटण कोणी दाबत नाही, हे बटण कसलं आहे त्यावर आहे. ते तीन आडव्या रेघांच्या मेनूत, तळाशी, 'संपर्क'च्या खाली पुरलेलं असेल तर कोण दाबणार?

मास्तरीण_धुळे

बटणावरून आठवलं. एका विद्यार्थ्याचे वडील शाळेत आले, कुठल्याशा योजनेची साइट फोनवर उघडून. 'ताई, हे मराठीत करून द्या.' वर 'सिलेक्ट लँग्वेज' असं इंग्रजीत. दाबलं तर यादी उघडली, तीही इंग्रजी अक्षरांत, एबीसीडीच्या क्रमाने. आसामी, बंगाली, बोडो करत मराठीपर्यंत खाली जायचं. त्यांना मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचता येतं, पण इंग्रजी अक्षरांतला 'मराठी' शब्द त्या यादीत सापडेना. आणि मधेच बोट घसरलं की यादी बंद. ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यासाठीची सोय इंग्रजीत!

तर कृपा करून प्रत्येक भाषेचं नाव त्याच भाषेत, त्याच लिपीत लिहा. गुजराती गुजराती लिपीत, इंग्रजी रोमनमध्ये. चारच भाषा आहेत ना, मग यादी कशाला उघडायला लावता? चारही नावं समोर दिसू द्या.

आणि झेंडे नकोत. इंग्रजीला ब्रिटनचा आणि हिंदीला तिरंगा लावलेला मी पाहिलाय. मग मराठीला काय लावणार? तो वाद इथे सुरू झाला तर मॉडरेटर धाग्याला कुलूप घालतील.

शेवभाजी_फॉरएव्हर

कुलूप घालण्याआधी सांगा, मी पॉपकॉर्न घेऊन येतो.

नवापूरकर

आमच्याकडचं उदाहरण देतो. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकाचाही अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे. गाडीची घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती अशा चार भाषांत होते. बाकावरचा माणूस महाराष्ट्राच्या बाजूला बसलाय म्हणून त्याला फक्त मराठी ऐकवा, असं कोणी करत नाही. आयपीवाले नेमकं तेच करतायत.

घड, सुरतेच्या पोराबद्दल. आमच्या भागातून सुरत, उधना, बारडोलीकडे गेलेली माणसं खूप. त्यांच्यासाठी गुजरातेतून आलं म्हणून गुजराती हा हिशेब चुकणारच. त्यांनी घरी एकदा मराठी निवडलं की साइटने ते लक्षात ठेवलं पाहिजे. दरवेळी नव्याने ओळख विचारायची नाही.

केळीचा_घड

ताई, नवापूरकर, धन्यवाद. लक्षात ठेवायचं म्हणजे कुकीत, ब्राउझरमध्ये साइट ठेवते त्या छोट्या नोंदीत ना? आणि जंक्शनदादा, एक विसरलो. गूगलवर आमची मराठी पानं येतच नाहीत. 'रावेर केळी भाव' शोधलं तर आमचं इंग्रजी मुख्य पान तिसऱ्या-चौथ्या पानावर कुठेतरी. याचा या भानगडीशी संबंध असेल का?

भुसावळ_जंक्शन

आहे, आणि बहुधा हाच आहे. गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा त्यांचा प्रोग्राम, मुख्यतः अमेरिकेतल्या आयपीवरून येतो आणि ॲक्सेप्ट-लँग्वेजची ओळ पाठवतच नाही. तुमची साइट काय करते? गाव अमेरिका, भाषा माहीत नाही, टाका इंग्रजीवर. बॉट मराठी भावाचं पान मागतो, त्यालाही इंग्रजी मुख्य पान मिळतं. तुमची मराठी पानं गूगलने कधी बघितलीच नसतील तर दाखवणार कुठून? गूगल स्वतःच सांगतं की प्रत्येक भाषेला वेगळा पत्ता द्या आणि भाषा ओळखून माणसाला आपोआप दुसरीकडे ढकलू नका.

ढकलणं बंद केलं की मग 'एचरेफलँग' लावा. पानाच्या डोक्यात लिहायच्या ओळी असतात: याच पानाची मराठी प्रत इथे, हिंदी इथे, गुजराती इथे, इंग्रजी इथे. गूगलने ही सोय २०११ मध्ये आणली. २०१३ मध्ये 'एक्स-डिफॉल्ट' आलं, म्हणजे कुठल्याच भाषेत बसला नाही त्याला कुठे न्यायचं ते. यात माणसाला कोणी ढकलत नाही. शोधणाऱ्याला निकालातच त्याच्या भाषेची लिंक मिळते, तो आपल्या पायाने बरोबर पानावर येतो. तुमच्या मूळ प्रश्नाचं निम्मं उत्तर हेच आहे.

दोन पथ्यं. प्रत्येक पानाने चारही प्रतींची नावं घ्यायची, स्वतःचंसुद्धा. आणि बोट दाखवणं दोन्हीकडून हवं: मराठी पान हिंदीकडे बोट दाखवतंय आणि हिंदी पान परत मराठीकडे दाखवत नसेल तर गूगल ती जोडी धरत नाही. पत्ते पूर्ण लिहायचे, अर्धे चालत नाहीत. आणि भावाच्या पानावरून भावाच्याच पानाकडे. सगळ्यांना मुख्य पानाकडे वळवलेलं मी फार ठिकाणी बघितलंय.

केळीचा_घड

आत्ता पानाचा सोर्स उघडून बघितला. एचरेफलँग लावलेलं आहे! हिंदीला एचआय, गुजरातीला जीयू, इंग्रजीला ईएन. आणि मराठीला... एमएच.

शेवभाजी_फॉरएव्हर

एमएच-१९! गाडी पासिंग करून आणली वाटतं जळगावहून.

भुसावळ_जंक्शन

😂 आयएसओच्या, म्हणजे भाषांच्या संकेतांच्या आंतरराष्ट्रीय यादीत एमएच म्हणजे मार्शलीज. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांची भाषा. तुमचे केळीभाव आजवर तिकडच्या लोकांसाठी राखून ठेवलेले होते.

मराठीचा संकेत एमआर. सोबत देश जोडायचा तर एमआर-आयएन, पण गरज नाही, मराठीची एकच प्रत आहे तुमची. नुसतं आयएन लिहिलेलंही सापडतं लोकांच्या साइटींवर, भारत म्हणून. तिथे पहिली दोन अक्षरं भाषेची असतात, आणि आयएन हा इंडोनेशियनचा जुना संकेत होता.

मास्तरीण_धुळे

याच्या जोडीला पानाच्या सुरुवातीच्या टॅगमधला 'लँग', म्हणजे पानाची भाषा सांगणारी खूण, पण तपासा. गूगल भाषा मजकुरावरून ओळखतं, त्याच्यासाठी नव्हे, माणसांसाठी. पान मोठ्याने वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर त्या खुणेवरून उच्चार निवडतात. मराठी पानावर इंग्रजीची खूण राहिली तर अंध वाचकाला मराठी मजकूर इंग्रजी आवाजात ऐकावा लागतो, किंवा ऐकूच येत नाही. अक्षरांवरही परिणाम होतो. ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे एमआर लिहिलं की ल आणि श मराठी वळणाचे येतात, एचआय लिहिलं की हिंदी वळणाचे. आमच्या शाळेच्या साइटवर मुलांनी 'शाळा' मधला श बघून विचारलं होतं, ताई हा असा का?

कान्हदेशी

चार भाषा करी टाक्यात, आन् अहिराणी कोठे शे भाऊ? मना फोन इंग्रजीमा शे, वाचस मी मराठीमा, पन घरमा बोलतस आमी अहिराणीच.

प्रश्न गंमतीत नाही विचारत. २०११च्या जनगणनेत खान्देशी मातृभाषा म्हणून सुमारे १८.६ लाख लोकांनी नोंदवली आहे. त्यात बहुतेक अहिराणीच. साइटवाले आम्हाला 'मराठी' या खान्यात टाकून मोकळे होतात. अहिराणी पान केलं तर त्यावर माणसाला न्यायचं कसं?

भुसावळ_जंक्शन

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर अर्धवट आहे. अहिराणीला दोन अक्षरी संकेत नाही. तीन अक्षरी आहे: एएचआर. खान्देशीला केएचएन असा वेगळा. पानाच्या 'लँग'मध्ये एएचआर लिहिलेलं पूर्ण नियमात बसतं. पण गूगलचं एचरेफलँग दोन अक्षरी यादीवर चालतं, तिथे अहिराणीला जागा नाही. फोनमध्ये अहिराणी भाषा निवडायची म्हटलं तरी बहुतेक सापडणार नाही, म्हणजे ब्राउझरची ओळही मुकी. तुमच्या माणसाला ओळखायची एकही यांत्रिक खूण शिल्लक नाही. त्याला न्यायचा रस्ता एकच, समोर दिसणारी लिंक. भाषापट्टीत 'अहिराणी' हा शब्द दिसला पाहिजे, आणि व्हॉट्सॲपवर त्याच पानाची लिंक फिरली पाहिजे. भिली, पावरीचंही तेच.

म्हणून तर मी म्हणतो, आपोआपवर भिस्त ठेवली की यादीतल्या भाषा पुढे आणि यादीबाहेरच्या कायमच्या अदृश्य.

कान्हदेशी

समजनं. घड भाऊ, एक तरी पान करा. फवारणीच्या सूचनांचं करा, लिहून मी देतो.

धरणगाव_ते_ड्रेस्डेन

मी इथे जर्मनीत बसून भारतातली साइट उघडतो आणि मला तिची जर्मन आवृत्ती दिसते, हे रोजचं. युरोपीय संघाने २०१८च्या जिओ-ब्लॉकिंग नियमात (देश बघून गिऱ्हाइकाला अडवण्याविरुद्धच्या) याचीही दखल घेतली. गिऱ्हाइकाला त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या देशाच्या आवृत्तीवर पाठवता येत नाही, आणि संमती दिली तरी मूळ आवृत्तीवर परत जाता आलं पाहिजे. नियम युरोपातल्या बाजारासाठी आहे, तुम्हाला लागू नाही. पण 'सगळीकडे असंच असतं' म्हणणाऱ्याला सांगायला बरा.

संशयात्मा

ठीक, ढकलणं बंद. मग इंग्रजी लिंकवर आलेल्या मराठी माणसाचं काय? गूगलवरून कोणी इंग्रजी पानावर पोचला, फोन मराठीत आहे, त्याला तसंच सोडायचं?

भुसावळ_जंक्शन

त्याला वर एक बारीक पट्टी दाखवायची. 'हे पान मराठीत वाचा', मराठीतच लिहिलेली, कारण ती ज्याच्यासाठी आहे त्याला वाचता आली पाहिजे. लिंक त्याच पानाच्या मराठी प्रतीची. शेजारी फुली. फुली मारली की पुन्हा दाखवायची नाही. पट्टीने मजकूर झाकायचा नाही. पडदाभर येणारी खिडकी मला मुळीच सोसत नाही, छोट्या फोनवर तिची फुली बोटाखाली येत नाही.

घड, कुकीबद्दल राहिलं होतं. हो, निवड कुकीत ठेवा. पण ती कुकी फक्त साइटच्या नावावर आलेल्यासाठी वापरा. भाषेसकट लिंक आली की लिंक मोठी, कुकी धाकटी. कुकीवर भाषा ठरवून सगळ्यांना एकच पत्ता देणाऱ्या साइटी आहेत, त्यांची लिंक मी मराठीत बघून तुम्हाला पाठवली की तुम्हाला इंग्रजीत दिसते.

आणि सर्व्हरवाल्याला विचारा की वळवताना ३०१ वापरलंय का. ३०१ म्हणजे कायमचं वळवणं, ब्राउझर ते लक्षात ठेवतो. उद्या तुम्ही सगळं दुरुस्त केलं तरी आबांच्या फोनवर जुनं वळण तसंच राहू शकतं. मुख्य पानावरून पाठवायचं ते ३०२ने, म्हणजे तात्पुरतं. मध्ये कॅशे (एकदा दिलेलं पान साठवून पुढच्यालाही तेच देणारी सोय) असेल तर 'व्हॅरी'मध्ये, म्हणजे पान कशावरून बदलतं ते कॅशेला सांगणाऱ्या ओळीत, ॲक्सेप्ट-लँग्वेज आणि कुकी सांगा, नाहीतर सकाळी पहिल्या आलेल्याची भाषा दिवसभर सगळ्यांना.

केळीचा_घड

बहुतेक तेच होत असणार! काही दिवशी सगळ्यांनाच हिंदी दिसतं, काही दिवशी सगळ्यांनाच इंग्रजी.

मंडळी, यादी साइटवाल्यांना पाठवली. आयपीचं काढायला सांगितलंय, एमएचचं एमआर, वर चार नावांची पट्टी (अहिराणीची जागा सोडून ठेवलीय, कान्हदेशी). ते म्हणतात आयपीचं काढणं सोपं आहे, एका ओळीचं काम. एक अडलंय. भावाचं पान मराठी आणि हिंदीत रोज बनतं. गुजराती आणि इंग्रजीत बनतच नाही, माणूस नाही तेवढा. मग तिथल्या पट्टीवर 'गुजराती' दाबलं तर काय दाखवायचं? सध्या गुजराती मुख्य पानावर जातं.

मास्तरीण_धुळे

मुख्य पानावर नको. माणूस भाव बघत होता, त्याला पुन्हा पहिल्यापासून शोधायला लावू नका.

भुसावळ_जंक्शन

ताईंचं बरोबर. त्या पानाची गुजराती प्रत नसेल तर नाव फिकं करून ठेवा. दाबलं तर एक ओळ गुजरातीत: हे पान मराठी आणि हिंदीत आहे, आणि दोन्हीच्या लिंक. एचरेफलँगमध्येही त्या पानावर दोनच ओळी येतील, नसलेल्या प्रतींची नावं घालायची नाहीत. भावाच्या तक्त्यात आकडेच जास्त असतात. वरची चार-पाच शीर्षकं एकदाच गुजराती आणि इंग्रजीत करून घेतलीत तर तक्ता चारही भाषांत आपोआप बनेल, रोज माणूस लागणार नाही. नवापूरकर, गुजरातीचं देता का करून?

नवापूरकर

पाठवा. नवती आणि पिलबागला गुजराती व्यापारी काय म्हणतात ते मार्केटमध्ये विचारून लिहितो, मनाने लिहिणार नाही.